पावसाळ्यात दोन दिवसांत जुनं पुणं: पोरं आणि आजी-आजोबांना घेऊन कसं बघायचं

जुलै-ऑगस्टमध्ये फॅमिली घेऊन पुण्याला यावं का, तर माझं उत्तर बिनधास्त या असं आहे. पण उन्हाळ्यातला किंवा दिवाळीतला प्लॅन तसाच्या तसा उचलून आणू नका. पावसाळ्यात सकाळी १० ला हे, १२ ला ते, ३ ला ते असं टाइमटेबल टिकतच नाही. त्यापेक्षा बघायच्या जागांचे दोन ढीग करा, एक छप्पर असलेल्या आणि एक उघड्या. सर आली की छपराखाली, उघडीप मिळाली की बाहेर. जुन्या पुण्याचं भलं असं की पेठांमध्ये या दोन्ही प्रकारच्या जागा एकमेकांपासून चालत पाच-दहा मिनिटांवर आहेत, त्यामुळे हे खरंच जमतं, दुसऱ्या कितीतरी शहरांत नाही जमणार.

आधी पुण्याचा पाऊस समजून घ्या

पुणं सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत आहे. ढग आपलं बरंचसं पाणी घाटमाथ्यावर टाकून मग इकडे येतात, म्हणून शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि लोणावळ्याला त्याच्या कितीतरी पट. याचा अर्थ जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात बहुतेक दिवस रिपरिप असते, भुरभुर, मध्येच एखादी जोराची सर, परत उघडीप. चिकचिक होते, कपडे वाळत नाहीत, पण फिरता येतं. जूनची सुरुवात आणि सप्टेंबर-ऑक्टोबर यांचं वेगळं. तेव्हा सकाळी स्वच्छ ऊन आणि दुपारी ३-४ नंतर एकदम काळं होऊन गडगडाटासकट धो धो, तासाभरात रस्त्यांचे ओढे. त्यामुळे जुलैत येत असाल तर दिवसभर थोडं थोडं फिरा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात येत असाल तर उघड्यावरचं सगळं सकाळीच उरका आणि दुपारनंतर आत.

गणेशोत्सवाचे दहा दिवस या लेखात धरलेले नाहीत. तेव्हा पेठांमधले रस्ते गाड्यांना बंद असतात आणि गर्दी इतकी की पाऊस हा विषयच बाजूला पडतो, त्याचं प्लॅनिंग पूर्ण वेगळं करावं लागतं.

राहायचं कुठं

हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि लोक नेमका तोच स्वस्त रूम बघून घेतात, हिंजवडी नाहीतर वाकडला, आणि मग पावसात दीड-दीड तास ट्रॅफिकमध्ये बसतात. दोन दिवसांसाठी पेठा, डेक्कन, शिवाजीनगर, स्वारगेट नाहीतर स्टेशनजवळ, म्हणजे मेट्रोला चालत जाता येईल असंच राहा. कारण दुपारी रूमवर परत यायचंय. भिजलेली पोरं आणि पाय दुखणारी आजी यांना दुपारी तासभर कोरडे कपडे, गरम चहा आणि आडवं व्हायला जागा मिळाली की संध्याकाळी सगळे परत हसत निघतात, नाही मिळाली तर ४ वाजता ट्रिप संपलेली असते.

रूम बुक करताना फोनवरच विचारा की खोली कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का आणि कपडे वाळत घालायला काय सोय आहे. पेठांमधल्या जुन्या लॉजना बऱ्याचदा लिफ्ट नसते.

गाडी, मेट्रो, रिक्षा

स्वतःची कार आणलीत तरी ती हॉटेलच्या पार्किंगमध्येच सोडा. पेठांतले रस्ते अरुंद, बरेच एकेरी, पार्किंग मिळत नाही, आणि पावसात तर नाहीच नाही.

मेट्रोने आता जुन्या पुण्याचं काम खूप सोपं केलंय. सप्टेंबर २०२४ मध्ये सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी भाग सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई, स्वारगेट ही तीन स्टेशनं थेट जुन्या शहराच्या पोटात आली. साताऱ्याकडून, सांगली-कोल्हापूरकडून एसटीने येणारे स्वारगेटलाच उतरतात, तिथून मंडई पुढचंच स्टेशन. रेल्वेने आलात तर पुणे स्टेशनवरून वनाझ-रामवाडी लाइन पकडायची आणि सिव्हिल कोर्टला बदलायचं. स्टेशनांत लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत, म्हातारी माणसं आरामात येतात, आणि वर जोराचा पाऊस लागला असेल तर पंधरा मिनिटं आत थांबून घेता येतं.

रिक्षा छोट्या अंतराला लागेलच. पाऊस सुरू झाला की अॅपवर रिक्षा मिळायला वेळ लागतो म्हणून सर यायच्या आधी बुक करा, आणि सुट्टे पैसे प्लास्टिकच्या पाऊचमध्ये वरच्या खिशात ठेवा.

नदीचं एवढं मात्र ऐका

बाहेरच्यांना ही गोष्ट माहीत नसते म्हणून जरा विस्ताराने सांगते. पुण्याच्या मुठा नदीत खडकवासला धरणातून पाणी सोडतात, आणि खडकवासल्याच्या वर पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं आहेत, सगळी घाटातल्या पावसावर भरणारी. म्हणजे शहरात नुसती भुरभुर असली, अगदी ऊन पडलेलं असलं, तरी तिकडे घाटात कोसळत असेल तर इकडे नदी चढते. विसर्ग वाढवला की डेक्कनजवळचा बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातला रस्ता बंद करतात. पुणेकर पावसाळ्यात रोज बातम्यांमध्ये किती क्युसेकने (म्हणजे सेकंदाला किती घनफूट) पाणी सोडलंय ते बघतात, तुम्हीही निघायच्या आधी आणि रोज सकाळी बघाच. नदीपात्रात गाडी लावू नका, तिथं दहा गाड्या उभ्या दिसल्या तरी नाही. भरलेली नदी पोरांना दाखवायची असेल तर उंच पुलाच्या फुटपाथवरून, हात धरून, लांबून. पाण्यात उतरलेल्या पायऱ्यांवर किंवा घाटावर सेल्फीसाठी जायचं नाही.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या होत्या. जुन्या पुणेकरांच्या घरात आजही ती आठवण निघते. कुणी आजोबा भेटले आणि त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली तर थांबून ऐका, शहराचा इतिहास वाड्यांइतकाच त्यांच्याकडेही आहे.

काय घालायचं, काय न्यायचं

पायात मागे पट्टा असलेली, रबरी सोलची सँडल. स्पोर्ट्स शूज एकदा भिजले की दोन दिवस ओलेच राहतात, आणि देवळात-वाड्यांत काढायला-घालायला ताप. कोल्हापुरी घरीच ठेवा, भिजली की संपली. पोरांना रेनकोट, कारण छत्री घेऊन ती लक्ष्मी रोडच्या गर्दीत चालू शकत नाहीत. आजीला छत्री, शक्यतो लांब दांड्याची, टेकायलाही होते. प्रत्येकासाठी एक पातळ पंचा, पोरांसाठी कपड्यांचा एक जादा जोड, ओले कपडे टाकायला दोन मोठ्या पिशव्या, आणि मोबाइलसाठी झिपची पिशवी. देवळात अनवाणी जावं लागतं आणि ओली फरशी भयंकर घसरते, तिथं आजी-आजोबांचा हात धरायला एक माणूस आधीच ठरवून ठेवा. आणि डबक्यात पाय टाकायचा नाही, खाली खड्डा आहे की चेंबर ते दिसत नाही, हे पोरांना घरून निघतानाच सांगा.

पहिला दिवस: पेठा

सकाळी लवकर, म्हणजे साडेआठ-नऊला कसबा पेठ मेट्रो स्टेशनवर उतरा. बाहेर फडके हौद चौक. पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळातून शहरात पाणी आणलं होतं, ते शनिवारवाड्यापर्यंत जायचं आणि वाटेत असे हौद भरायचे. इथून चालत कसबा गणपती, पुण्याचं ग्रामदैवत, छोटंसं देऊळ. सकाळी गर्दी कमी असते, दर्शन घ्या आणि निघा.

मग लाल महाल. आत्ताची इमारत महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली आहे, मूळ महाल उरलेला नाही, हे पोरांना आधी सांगा म्हणजे ती जुन्या भिंती शोधत बसणार नाहीत. पण जागा त्याच परिसरातली. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी रात्री शिरून शाहिस्तेखानाची बोटं छाटली ती गोष्ट इथंच, आणि ती गोष्ट तिथं उभं राहून सांगितली की सहा वर्षांचं पोरगंही डोळे मोठे करून ऐकतं.

समोरच शनिवारवाडा. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली आणि १८२८ च्या आगीत आतला सगळा लाकडी वाडा जळून गेला. आज तटबंदी, पाच दरवाजे, नगारखाना आणि आत जोती एवढंच आहे. इथं छप्पर जवळजवळ नाहीच, म्हणून हा उघडीपीत बघायचा. पाऊस लागला असेल तर हट्ट करू नका, सरळ पुढे जा आणि संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. उघडीप मिळाली तर आधी बाहेर उभं राहून दिल्ली दरवाजाचे टोकदार खिळे दाखवा, हत्तींनी धडका मारू नयेत म्हणून ते बसवलेले, मग आत हजारी कारंजं, सोळा पाकळ्यांच्या कमळाचं. तटावर चढायच्या पायऱ्या दगडी आहेत आणि शेवाळाने निसरड्या होतात, पावसात आजी-आजोबांनी खालीच थांबावं आणि पोरांनाही एकटं वर सोडू नये. ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून याच वाड्यात झाला. ती गोष्ट किती आणि कशी सांगायची ते पोरांचं वय बघून ठरवा, रात्री नवीन जागी झोपायचंय त्यांना.

एव्हाना भूक लागलेली असते. मिसळ खायची असेल तर नारायण पेठेत बेडेकर आहेच, पोरांसाठी रस्सा बाजूला मागून घ्या. चहा-नाश्ता करून, हवा बघून पुढचं ठरवा.

त्यानंतर केळकर संग्रहालय, आणि दिवसाचा सगळ्यात मोठा वेळ मी तिथं देईन. शुक्रवार पेठेत, बाजीराव रोडला लागून, नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, साधारण सकाळी १० ते संध्याकाळी साडेपाच, तरी निघायच्या आधी फोन करून घ्या. डॉ. दिनकर गंगाधर केळकर या एका माणसाने आयुष्यभर गावोगाव फिरून वीस हजारांच्या वर वस्तू जमवल्या, लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव या संग्रहाला दिलं आणि शेवटी सगळं सरकारला देऊन टाकलं. बाहेर धो धो पाऊस असताना यापेक्षा चांगली जागा पुण्यात मला तरी माहीत नाही. इथं तलवारी थोड्या आणि घरातल्या वस्तू जास्त. अडकित्ते किती प्रकारचे असावेत, दिवे, समया, दौती, कुलपं, वज्री, कोरीव दरवाजे, वाद्यं, बाहुल्या, स्वयंपाकघरातली भांडी. कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग आणून एक आख्खं दालन उभं केलंय तेही बघा.

पोरं संग्रहालयात अर्ध्या तासात कंटाळतात अशी तक्रार असते. त्यावर उपाय आजी. आजीला पुढे घाला आणि पोरांना सांगा की प्रत्येक दालनात आजीने स्वतः वापरलेली एक वस्तू शोधायची. आजीला पाटा-वरवंटा, पितळी डबे, पानाचा डबा, शेवेचा सोऱ्या असलं काही दिसलं की ती बोलायला लागते आणि मग पाटी वाचायची गरजच पडत नाही. दोन-अडीच तास सहज जातात. जिने आहेत आणि दालनं वर-खाली आहेत, त्यामुळे गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी दमानं, मध्ये मध्ये बसत.

तिथून दुपारचं जेवण. टिळक रोडवर बादशाहीत साधं मराठी जेवण मिळतं, दुपारी थांबावं लागतं, पण गरम पोळी पानात पडली की थांबल्याचं काही वाटत नाही. मग रूमवर. झोपा थोडं.

संध्याकाळी ४-५ ला मंडई स्टेशन. महात्मा फुले मंडईची इमारत १८८० च्या दशकातली, इंग्रजांच्या वेळी रे मार्केट म्हणायचे. मधोमध अष्टकोनी भाग आणि वर उंच मनोरा, छप्पर प्रचंड, खाली भाजीचे गाळे. पावसात मंडई सगळ्यात सुंदर वाटते, ओल्या पालेभाज्या, अळूची पानं, मक्याची कणसं. चालत तुळशीबाग, राममंदिर आत आहे ते चुकवू नका, बहुतेक लोक भांड्यांच्या आणि कानातल्यांच्या दुकानांतूनच परत फिरतात. पेशवाईतलं देऊळ, बाहेर एवढा गोंगाट आणि आत दगडी अंगण. तुळशीबागेत दुकानांवर ताडपत्र्या असतात पण त्यातून पागोळ्या नेमक्या मानेवर पडतात, टोपी घाला.

बाजीराव रोडवर विश्रामबागवाडा आहे, दुसऱ्या बाजीरावांनी १८०७ मध्ये बांधलेला. आत जाता आलं नाही तरी रस्त्यावरून दिसणारं लाकडी काम आणि सुरूच्या आकाराचे खांब बघायला पाच मिनिटं थांबाच, पेशव्यांचे वाडे कसे असतील याचा अंदाज शनिवारवाड्यात येत नाही तो इथं येतो. १८२१ मध्ये याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. मग दगडूशेठ गणपती. रस्त्यावरूनही दर्शन होतं, पाऊस असेल आणि आत रांग मोठी असेल तर तेवढंच करा.

दुसरा दिवस: लांबचं आणि शांत

सकाळी मेट्रोने कल्याणीनगर, तिथून रिक्षाने आगाखान पॅलेस. १८९२ मध्ये तिसऱ्या आगाखानांनी बांधला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'नंतर गांधीजी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई यांना इथं स्थानबद्ध केलं. महादेवभाई आठवड्याभरातच, १५ ऑगस्ट १९४२ ला इथं गेले. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत. पावसासाठी ही जागा उत्तम, कारण चारी बाजूंनी कमानींचे रुंद व्हरांडे आहेत, सर आली तरी तिथं उभं राहून बाग बघता येते. समाध्यांपर्यंत मात्र उघड्यावरून चालावं लागतं, तेवढी उघडीप बघून जा. लाल महाल आणि शनिवारवाड्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांना हे दाखवावं असं मला मनापासून वाटतं, पेशवाई बुडाली म्हणून पुण्याचा इतिहास १८१८ ला संपत नाही.

परत येताना डेक्कनला उतरा, गुडलकमध्ये बन मस्का आणि चहा. मग जंगली महाराज रोडवर पाताळेश्वर, आठव्या शतकातली, एकाच काळ्या कातळात कोरलेली लेणी, समोर गोल नंदीमंडप. जोराच्या पावसात खालच्या अंगणात पाणी साठतं, तसं दिसलं तर वरूनच बघा. पाऊस थांबूनच येत नसेल तर हे सोडा आणि नळ स्टॉपवरून रिक्षाने कोथरूडला संगम प्रेसजवळ जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय गाठा. पूर्ण छपराखाली, बारक्या आगगाड्या, सिग्नल, रात्रीचं गाव, सगळं चालू करून दाखवतात. शोच्या वेळा आधी फोन करून विचारा.

जे सोडायचं

सिंहगड. नाव काढलं की सगळे म्हणतात पावसात तर गेलंच पाहिजे. पण घाटात दरडी पडतात, धुकं, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग, आणि जोराच्या पावसाच्या दिवसांत प्रशासन पर्यटनस्थळांवर बंदीही घालतं. पोरं आणि म्हातारी माणसं बरोबर असताना नको. गड हिवाळ्यात बघा, तानाजी मालुसऱ्यांची समाधी तेव्हा नीट, शांतपणे बघता येते. पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या आहेत, रिपरिप थांबलेली असेल आणि सगळ्यांचे गुडघे चांगले असतील तरच, उतरताना कडेच्या बाजूने. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी फक्त मेट्रोजवळची छपराची ठिकाणं, बाकी काही नाही.

परतीचा दिवस

मुंबईला रेल्वेने जाणार असाल तर कर्जत-लोणावळा घाटात पावसामुळे गाड्या लेट होतात, कधी रद्द होतात. म्हणून शेवटच्या गाडीचं बुकिंग करू नका, दुपारचं करा, आणि सकाळी उठल्याबरोबर गाडीचं स्टेटस बघा. एक्स्प्रेस वेवरून कारने जाणार असाल तर घाट दिवसाउजेडी उतरा. बाकरवडी घ्यायची तर आदल्या संध्याकाळीच, बाजीराव रोडवर चितळ्यांकडे, कारण शेवटच्या दिवशी पावसात सामान सांभाळत तिथं पळणं नको होतं. पेठांमधली काही दुकानं अजूनही दुपारी बंद असतात, तेही लक्षात ठेवा. पिशवी रेनकोटच्या आत धरा आणि ओल्या कपड्यांची पिशवी वेगळी, नाहीतर घरी पोचेपर्यंत सगळ्याला एकच वास येतो.